मंगळवारचा तास

त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या उतरता उतरता राकेशने विषय काढलाच. दसऱ्याची सकाळ, वंदना नुकतीच आटोपली होती. अंगावर पांढरे कपडे, पायऱ्यांवर अर्धं नाशिक लोटलेलं, ओळखीचं माणूस दिसलं की जय भीम, पोरांच्या हातात फुगे. अशा वेळी भांडखोर माणूसही जरा निवळतो. पण राकेश पगारे निवळेल असा दिवस अजून कॅलेंडरात छापून यायचा होता.

"वहिनी, आज जेवणाच्या वेळी मी बोलणार आहे," तो म्हणाला. "दिनेशला काढायचं आणि तुमचा मंगळवारचा तास बंद करायचा. नंतर म्हणू नका, भाऊजींनी आधी सांगितलं नाही."

छायाने पायरीवरची नजर हलवली नाही. "नानांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, जे बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल, पाठीमागे नको."

"मग बोला."

"बोलणारच आहे."

झालं. दीर-भावजयीत बोलणं झालं ते एवढंच, पण खाली गाडीपर्यंत छाया त्याच्या चार पायऱ्या पुढेच राहिली. तिचा नवरा ज्ञानेश गाडी काढून उभाच होता. त्याने दोघांची तोंडं बघितली, काय झालं असेल ते ओळखलं आणि फडकं काढून आरसा पुसायला घेतला. ज्ञानेशची ही जुनी खोड. घरात दोन माणसांचं वाजलं की ह्याला काहीतरी पुसायचं आठवतं.

मागच्या सीटवर नाना आणि आई बसलेले. गुडघ्यांमुळे यंदा दोघांनी खालूनच हात जोडले होते. नाना म्हणजे सहादू पगारे, छायाचे सासरे. अंबडला एका कंपनीत फिटर असताना त्यांनी एकदा साहेबाला काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, आणि साहेब म्हणाला, "सहादू, तू हात चालव, डोकं मी चालवतो." ही गोष्ट घरात लहानथोरांना पाठ होती. नानांनी पुढे स्वतःची शेड टाकली तेव्हा पहिल्याच दिवशी माणसांना सांगितलं होतं, की माझ्याकडे कोणी डोकं गेटबाहेर ठेवून आत यायचं नाही.

कारखाना तसा लहानच. दुसऱ्या कंपन्यांचे पत्र्याचे डबे, दरवाजे, कपाटं इथे यायची. आधी रसायनाच्या टाकीतून, मग साध्या पाण्यातून धुऊन निघायची. वर पावडरचा रंग बसायचा, ओव्हनमध्ये तो भाजला जायचा आणि माल परत जायचा. पाणी लागायचं भरमसाट, गॅस त्याहून जास्त, आणि खोक्यांचा, चिंध्यांचा, सांडलेल्या पावडरीचा ढीग वेगळाच. छायाने फ्लोअर हातात घेतला तेव्हा तिने मंगळवारचा शेवटचा तास मोकळा सोडला. त्या तासात माल नाही. पाणी, गॅस, वीज, जे काय वाया जातंय ते वाचवायची युक्ती ज्याला सुचेल त्याने ती करून बघायची, आणि लागेल ते सामान कारखान्याने द्यायचं. राकेश तेव्हाही म्हणाला होता, की पगार देऊन माणसांना खेळायला बसवताय. नानांनी मात्र सुनेची बाजू घेतली होती, आणि ते छाया कधी विसरली नव्हती. माहेरी तिला कोणी साधा फ्यूज बदलू दिला नव्हता. इथे अख्खा कारखाना हातात दिला होता.

सत्काराची भर घातली ती आईंनी, म्हणजे छायाच्या सासूबाईंनी. यशोदाबाईंनी उमेदीची सगळी वर्षं एका कंपनीत पॅकिंगला काढली होती. नोकरी सोडली त्या दिवशी सुपरवायझरने फक्त गेटपास परत मागितला, "या बरं का मावशी" एवढंही तोंडातून काढलं नाही. तेव्हापासून आईंच्या मनात एकच होतं, की आपल्याकडे असं व्हायचं नाही. मग कोणी काही सुचवलं रे सुचवलं, की शाल, श्रीफळ, हार, फोटो आणि गेटवर हा एवढा फ्लेक्स. आई स्वतः त्या माणसाच्या अंगावर शाल पांघरायच्या, आणि पांघरताना त्यांचे डोळे भरून यायचे. त्या सोहळ्याला नाही म्हणायची छाती घरात कोणाची नव्हती.

सगळं छान चाललं होतं. आणि मग तो लॉट परत आला. इलेक्ट्रिक पॅनेलचे दरवाजे होते. नखाने खरवडलं तरी रंग निघत होता. बाहेरची गिऱ्हाइकं राकेश सांभाळायचा, म्हणून माल देणाऱ्या कंपनीने त्याला बोलावून घेतलं आणि ऐकवायचं तेवढं ऐकवलं. दोष कुठे, तर राकेशच्या मते तो शोधायचीसुद्धा गरज नव्हती. ओव्हनवरच्या दिनेशने मंगळवारच्या तासातच युक्ती काढली होती, की बर्नर थोडा आधी बंद करायचा आणि उरलेल्या धगीवर रंग भाजू द्यायचा. गॅस वाचतो. त्या युक्तीवर दिनेशला शाल मिळाली होती. आता राकेशचं म्हणणं, गॅस वाचला आणि रंग कच्चा राहिला.

"गप्प का गं?" आईंनी मागून विचारलं.

"काही नाही आई. पाय दुखतायत."

"तुझे पाय दुखतायत आणि लेणी न चढता माझे दुखत नाहीत, म्हणजे कमाल आहे," आई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. छायालाही हसावं लागलं.

अंबडला पोचले तेव्हा कारखान्यात झेंडूचा नुसता घमघमाट होता. दसऱ्याला पगाऱ्यांच्या घरी लेणीवर जायचं, आणि कारखान्यातल्या हिंदू माणसांनी मशीनची पूजा करायची, हे इतक्या वर्षांचं ठरलेलं. झेंडू मात्र दरवर्षी नानाच बाजारातून आणायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "पूजा त्यांची आहे, पण मशीन सगळ्यांचं आहे ना." आणि आणखी एक पद्धत होती. ह्या दिवशी माणसांनी पंगतीला बसायचं आणि घरच्यांनी वाढायचं.

छाया ताटं मोजून घ्यायला मागच्या बाजूला गेली. तिथे नळ चालू होता. सणाच्या दिवशी, बंद कारखान्यात, धुण्याच्या टाकीशी लंकाबाई उभी होती. नवी साडी कमरेला खोचलेली, आणि पाईपने एकेक दरवाजा धूत होती.

लंकाबाई टाकीवर पहिल्यापासून कामाला. मूळची सायखेड्याची, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिची युक्ती तर कारखान्याची शान होती. रेती, खडी आणि कोळसा भरलेले तीन ड्रम तिने एकाखाली एक लावले होते. जॉब, म्हणजे रंगाला आलेला माल, धुतलेलं पाणी त्यातून गाळून निघायचं आणि परत टाकीत जायचं. बाहेरचे लोक ते बघायला यायचे.

"लंकाबाई, सण आहे ना आज? हे काय?"

लंकाबाई दचकली, पण नळ बंद करायचं तिला सुचलं नाही. "उद्याचा माल हाय ताई. म्हनलं धुऊन ठेवावा."

"तो काल धुतला की."

"काल ड्रमच्या पान्यात धुतला."

"मग?"

"आता नळाच्या पान्यात धुते."

छायाने पुढे होऊन नळ बंद केला. एकदम शांत झालं. बाहेरून आईंचा आवाज येत होता, त्या कोणाला तरी पंगतीच्या पट्ट्या सरळ घालायला सांगत होत्या.

"हे तुम्ही रोज करता?"

"रोज. शिफ्टच्या आधी येते ना." लंकाबाईने पदराने हात पुसले. "पावसाळ्यात लय झ्याक चाललं ताई, खोटं नाय बोलत. मग दिवाळीची घाई आली, माल वाढला. पानी दिसायला साफ, पन जॉब वाळला की वर पांढरं येतं. त्याच्यावर रंग धरत नाय. म्हनून मी परत धुते."

"आणि तो लॉट? परत आलेला?"

लंकाबाई खाली बघत राहिली. "सासू आजारी पडली, ठमाबाई. निरोप आला तशी सायखेड्याला गेले. त्या दिवशी परत धुवायला कोन नव्हतं."

छायाला आधी रागच आला, आणि चांगला सणसणीत आला. पाणी वाचवायच्या नावाखाली दुप्पट पाणी चाललं होतं, आणि वर त्या ड्रमांचे फोटो काढायला लोक येत होते.

"अहो, मग सांगायचं नाही का? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?"

"कसं सांगू?" लंकाबाईचा आवाज चिरकला. "शाल घेतली ना मी. गेटावर माझा एवढा फोटू. सायखेड्याला सासूनं तो देव्हाऱ्याशेजारी लावलाय. गावातल्या बाया बघायला आल्या, पोरीच्या सासरचे आले. आता त्यांना काय म्हनू, की ते समदं फुकाचं व्हतं?"

राग जसा आला तसा गेला. छायाला तो सत्कार आठवला. ड्रम लावले आणि आठवडा व्हायच्या आत सत्कार केला होता. टाळ्या वाजवल्या, श्रीफळ दिलं, आणि त्यानंतर पाणी कसं आहे हे तिने टाकीशी येऊन एकदाही विचारलं नव्हतं. ज्या बाईला सगळ्यांसमोर डोक्यावर घेतलं, तिने खाली उतरायचं कसं?

"लंकाबाई, त्या लॉटसाठी आज दिनेशला काढतायत."

लंकाबाईला हे ठाऊक नव्हतं. ती टाकीच्या कडेवर बसलीच. दिनेश तिच्या धाकट्या दिराच्या वयाचा, घरी दोन लहान मुलं. डबा उघडला की पहिला घास तिच्या पुढे करणारा.

"मला काढा ताई," ती म्हणाली. "आत्ता घरी जाते म्हना तर जाते. पन समद्यांसमोर नका म्हनू."

छायाने तिला वचन काही दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतं. खरं सांगावं तर राकेशच्या हातात आयतं कोलीत, तास गेलाच. गप्प बसावं तर दिनेश घरी बसतो. आणि लंकाबाईची अब्रू दोन्हीकडून टांगलेली.

"चला, जेवायला चला," ती एवढंच म्हणाली.

पंगत बसली. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात. नाना मीठ वाढायला होते. वाकवत नव्हतं तरी हट्टाने वाकून प्रत्येकाच्या ताटात चिमूट ठेवत होते आणि प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. आई श्रीखंड वाढत होत्या आणि कोणी नको म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करत होत्या. पहिला घास घ्यायच्या वेळी राकेशने पुऱ्यांचं ताट बाजूला ठेवलं.

"जेवा सगळे, पण ऐका," तो म्हणाला. "परत आलेला लॉट सगळ्यांना माहीत आहे. तिकडच्या साहेबाने मला पोरासोरांसमोर झाडलं. का, तर आपण इथे प्रयोग करतो. मी आजवर काही बोललो नाही, पण आता पुरे झालं. ओव्हनवर रंग कच्चा राहिला, त्याची जबाबदारी दिनेशची. उद्यापासून दिनेशने यायचं नाही. आणि मंगळवारचा तास बंद."

दिनेशच्या हातातली पुरी हातातच राहिली. त्याने एकदा नानांकडे बघितलं, एकदा छायाकडे.

"थांबा भाऊजी," छाया म्हणाली. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटून गेलं. "ओव्हनचा दोष नाही. पाण्याचा आहे. गाळलेल्या पाण्याने जॉबवर पांढरं येतं, म्हणून रंग धरला नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. आत्ता बघून आलेय."

"टाकीवर कोण असतं?"

"टाकीवर कोणीही असो. ते पाणी परत वापरायचं मी ठरवलं. चालतंय का नाही ते बघायच्या आधी सत्कार मी लावला. नंतर विचारलंसुद्धा नाही मी. चूक माझी आहे." तिने हातातला भाताचा चमचा पातेल्यात ठेवला. "तास बंद करायचा तर करा. मी भांडणार नाही. पण दिनेशला हात लावायचा नाही."

तास बंद करा, हे तोंडातून गेलं आणि तिला भडभडून आलं. पण शब्द मागे घेण्यासारखा नव्हता आणि तिला तो घ्यायचाही नव्हता. राकेश क्षणभर गोंधळला. भांडायच्या तयारीने आलेल्या माणसाला समोरच्याने हवं ते देऊन टाकलं, की त्याची पंचाईत होते.

तेवढ्यात बायकांच्या ओळीतून लंकाबाई उठली.

"टाकीवर मी असते," ती म्हणाली. नेहमीचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "ताई माझं नाव घेत नाय, म्हनून मीच घेते. ते ड्रम चालत नाय. पावसाळ्यात चालले, मग बंद पडल्यात जमा. मी रोज चोरून नळाच्या पान्यानं धुते. त्या दिवशी मी नव्हते, म्हनून माल परत आला. दिनेशचा काय संबंध नाय."

ज्ञानेश खिशातून रुमाल काढू लागला, पण पुसायला जवळपास काही सापडलं नाही.

मग दिनेशने घसा खाकरला.

"भाऊ, मलाही एक सांगायचंय," तो राकेशला म्हणाला. "मी बर्नर आधी बंद करतच नाही. पावसाळा लागला तेव्हापासून सोडलं ते. दमट हवेत जॉब कच्चे राहायचे."

राकेश त्याच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे गॅस?"

"आधी जायचा तेवढाच जातो."

"आणि शाल?"

"शाल उन्हाळ्यात दिली होती, भाऊ. उन्हाळ्यात बरोबर चाललं होतं."

कोणीतरी फिसकन हसलं. पॅकिंगचा बुद्धभूषण मान खाली घालून बसला होता, तोही बसल्या जागेवरून म्हणाला, "जुनी खोकी उलटी करून वापरायची माझी आयडिया होती ना. ती खोकी उंदरांनी खाल्ली. उरलेली वर माळ्यावर आहेत. टाकून द्यायची लाज वाटली."

"अगं बाई," आई म्हणाल्या.

"माळ्यावर खोकी आहेत ते मला माहीत होतं," ज्ञानेश म्हणाला, आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या, कारण घरच्या भांडणात ज्ञानेशने तोंड उघडणं ही दसऱ्यापेक्षा दुर्मीळ गोष्ट होती. "मी बोललो नाही, कारण माझंही तेच आहे. छपरावर ते पारदर्शक पत्रे मी बसवले, दिवसा लाईट लावायला नको म्हणून. दुपारी त्यातून असं ऊन येतं, की मला खाली चार पंखे वाढवावे लागले. वीज वाचली का, ते मला कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही."

"दादा, तुझा तर फेटा बांधून सत्कार झाला होता," राकेश म्हणाला.

"हो ना. फेटा अजून कपाटात आहे."

आता मात्र राकेशला हसू आवरेना. तो हसायला लागला तसे नानाही मिठाची वाटी धरून हसायला लागले. मग पंगतच्या पंगत हसली. दिनेशने हातातली पुरी एकदाची तोंडात घातली. हसत नव्हती ती फक्त लंकाबाई, अजून उभीच होती. आणि आई. आईंनी श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवलं होतं.

"म्हणजे मी एवढ्या शाली पांघरल्या," त्या म्हणाल्या, "त्या सगळ्या माणसांच्या तोंडावरच पांघरल्या म्हणायच्या."

हसणं थांबलं. छाया पुढे झाली, "आई, तसं नाही," पण आईंनी तिला हातानेच थांबवलं. त्या पंगतीच्या मधून सावकाश चालत लंकाबाईपाशी गेल्या आणि त्यांनी तिचे हात हातात घेतले. रोजच्या पाण्याने त्या हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांत भेगा होत्या.

"मला कधी कोणी शाल दिली नाही," आई म्हणाल्या. "म्हणून मला वाटलं, शाल दिली की झालं. तुला मागे फिरायला वाटच ठेवली नाही गं मी. रोज पहाटे येऊन धूत बसलीस आमच्या नावासाठी. तुझे उपकार आहेत आमच्यावर."

"तुमच्या नावासाठी नाय धुतलं आई," लंकाबाई रडत म्हणाली. "खोटं कशाला बोलू. माझ्या नावासाठी धुतलं."

"असू दे. त्यात आमचंही धुवून निघालं की."

छायाने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे टिपले. ह्या घरात आपण सून म्हणून आलो, हे आपलं नशीब, असं तिला त्या क्षणी अगदी उघड उघड वाटलं. दुसऱ्या एखाद्या घरात ह्याच गोष्टीवरून आत्तापर्यंत दोन माणसं गेटबाहेर असती.

नाना मिठाची वाटी घेऊन पंगतीच्या टोकाला उभे होते.

"राकेश," ते म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायचं म्हणालो होतो, तू बोललास. चांगलं केलंस. तू बोलला नसतास तर एवढं बाहेर आलं नसतं. आता सांग, तास बंद करायचा?"

राकेशने पुऱ्यांचं ताट उचललं, परत ठेवलं.

"नाना, तिकडे त्यांनी विचारलं, रंग का निघाला, तर मला सांगता आलं नाही. मला कारणच माहीत नव्हतं. लाज वाटली ती त्याची," तो म्हणाला. "इथे मला फक्त सत्काराला बोलवतात. फोटोत उभा राहतो आणि जातो. काय बिघडलं, ते मला कोण सांगतं? तास राहू द्या. सत्कार बंद करा."

"सत्कार बंद व्हायचा नाही," आई तिथूनच म्हणाल्या.

"आई..."

"वर्षभर थांबेन. ह्या दसऱ्याची युक्ती पुढच्या दसऱ्याला चालत असली, तर पांघरेन. आणि चालली नाही म्हणून जो येऊन सांगेल, त्याला मी आधी जेवायला वाढीन. पण बंद करा म्हणायचं नाही."

"आईंचं बरोबर आहे," छाया म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं," ज्ञानेश म्हणाला. एका दिवसात दुसऱ्यांदा बोलला.

राकेशने दोन्ही हात वर केले. सकाळी लेणीवर तो एकटा होता आणि आता तर साफच एकटा पडला होता, पण त्याचा चेहरा काही पडलेल्या माणसाचा दिसत नव्हता.

नाना हळूहळू खाली बसले, भिंतीला टेकून. "साहेब मला म्हणाला होता, डोकं मी चालवतो," ते म्हणाले. "आपण त्याच्यापेक्षा चांगलं वागलो असं मला वाटायचं. पण आपण माणसांना काय म्हणालो? डोकं चालवा, आणि चांगलं तेवढंच सांगा. दर मंगळवारी आधी बिघडलेलं सांगायचं. सुरुवात घरच्यांनी करायची. ज्ञानेशचे पंखे पहिले."

पंगत परत सुरू झाली. गार झालेल्या पुऱ्या परत वाढल्या गेल्या. दिनेशने मसालेभात तिसऱ्यांदा मागून घेतला. मघापासून त्याची भूकच मेली होती, ती आता एकदम परत आली असावी. छायाने त्याच्या ताटात भात घातला तेव्हा तो हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही तास सोडायला निघाला होतात माझ्यासाठी." "ठसका लागेल, सावकाश खा," ती म्हणाली.

ती श्रीखंड घेऊन लंकाबाईपाशी आली. लंकाबाई शेवटी बसली होती, पण ताटातलं तिने फारसं शिवलं नव्हतं. डोळे पुसून झाले होते. कपाळाला आठ्या घालून कसला तरी विचार करत होती.

"ताई," ती म्हणाली, "मंगळवारी मला परत एक टाकी मिळंल का?"

छाया वाढायची थांबली.

"गाळायची भानगडच नको. शेवटचं धुनं ताज्या पान्यात करायचं. आन ते पानी फेकायचं नाय, पहिल्या धुन्याला घ्यायचं. पहिल्याला कुठं एवढं साफ लागतंय. पन चालंल का नाय, ते मला म्हाईत नाय."

चालंल का नाय, ते मला म्हाईत नाय. कारखान्यात इतके मंगळवार झाले, इतके हार घातले गेले, पण हे वाक्य छायाने आज पहिल्यांदा ऐकलं. आणि ते बोलत होती ती मघाशी सगळ्यांसमोर मान खाली घालून उभी राहिलेली बाई. छायाने तिच्या ताटात श्रीखंडाचा आणखी एक चमचा वाढला.

"एका टाकीने काय होतंय? दोन लागतील," मागून राकेश म्हणाला. तो पुऱ्यांचं ताट घेऊन केव्हा येऊन उभा राहिला होता, कोणास ठाऊक. "पहिल्या टाकीत ते पाणी नेणार कसं पण? उलटं चढवावं लागेल."

"त्यालाच तर पाईप लागंल ना भाऊ."

"कुठून काढणार पाईप?"

त्याने ताट छायाच्या हातात दिलं आणि घरच्यांनी वाढायच्या दिवशी सरळ पंगतीत मांडी घालून बसला. लंकाबाई सरकली, त्याला जागा करून दिली, आणि आपल्या ताटातलं श्रीखंड बोटाने ओढत पाईप कुठून काढायचा ते त्याला दाखवायला लागली.